डोळे मिटून घ्या, बाबा

बाबांचा एक फोटो पाठव, एवढंच यशदीपनं लिहिलं होतं, आणि त्यात अवघड असं काहीच नव्हतं. नागपूरला त्याच्या नव्या सोसायटीत गेटवर कार्ड लागतं म्हणे. माणूस राहायला यायच्या आधी त्याचा चेहरा तिथं पोचलेला असावा लागतो. चेतनानं भावाचा मेसेज वाचला तेव्हा ती गॅसपाशी होती, तव्यावरची पोळी फुगत आली होती. 'पाठवते' असं लिहून तिनं फोन ओट्यावर पालथा ठेवला. फोटोग्राफर बहिणीकडे फोटो मागायचा म्हणजे हलवायाकडे साखर मागायची, असं त्याला वाटलं असणार, आणि तिलाही तसंच वाटलं. जेवणं झाली, बाबा आतल्या खोलीत आडवे झाले, आणि ती कॉम्प्युटर लावून बसली. नव्या रायपुरातले साहेब निघाले, खुर्चीसकट आणि खुर्चीशिवाय. ती नोकरी करते त्या संस्थेच्या आवारात मांडलेल्या दगडी मूर्ती निघाल्या, नाक शाबूत असलेल्या आणि नसलेल्या. नवऱ्या मुली, नोकरीतून निवृत्त होणारे काका, नामकरणाची बाळं, बाळांच्या आत्या, सगळं जग निघालं. बाबा निघेनात. एका फोटोत त्यांचं कोपर सापडलं, स्टीलच्या पेल्यासकट. आई गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या एका फोटोत भंतेजींच्या मागे त्यांचं टक्कल होतं, मान खाली घातलेलं. चेतना खुर्चीत मागे टेकली. या माणसाला ती वर्षानुवर्षं दर रविवारी कॅमेऱ्यासमोर उभं करत आली होती. मग असं कसं होईल, असं ती स्वतःशी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच कसं झालं ते तिला कळलं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं.

कारण बाबा फोटोसाठी कधी उभेच राहिले नव्हते. ते उजेडासाठी उभे राहत. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या या वरच्या मजल्याची पुढची खोली म्हणजे चेतनाचा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणायचं आपलं. लग्न मोडून ती बापाच्या घरी परत आली तेव्हा बाबांनी काही म्हणजे काही विचारलं नाही, फक्त आपली कॉट आतल्या खोलीत सरकवली आणि म्हणाले, 'हे खोली तुह्या कामाले घे.' आठवडाभर ती नव्या रायपुरातल्या एका संस्थेच्या प्रसिद्धी विभागात फोटो काढी, आणि रविवारी माणसं घरी येत. बहुतेक आपलीच, आजे-पणजे कधीकाळी विदर्भातून रेल्वेत नाहीतर प्लांटात लागलेले. चौबे कॉलोनीतली येत तशी बीरगावहूनही येत, ठेवणीतल्या साड्या सांभाळत, दुचाकीवर तिघं-तिघं. सगळ्यांना फोटो हवा असे तो एकाच भिंतीसमोर. तिथं तथागत आणि बाबासाहेब शेजारी शेजारी, काचेच्या मोठ्या चौकटींत, आणि जरा डावीकडे, खालच्या खिळ्याला, आई. 'पीछे बाबासाहब दिखने चाहिए, दीदी,' हे तरणी पोरंही न चुकता सांगत. आणि काच म्हटली की गोची. समोरून फ्लॅश मारला की तो काचेवर आपटून परत येतो आणि नेमका बाबासाहेबांच्या चेहऱ्यावर पांढरा डाग बसतो. तसा फोटो आपल्यात कोणी भिंतीला लावत नाही. सुरुवातीला चेतनाच्या हातून एका बाईच्या फोटोत तसं झालं होतं. त्या बाईनं फोटो हातात घेतला. पदराच्या टोकानं तो डाग पुसून पाहिला. मग पुन्हा एकदा पुसून पाहिला. चेतनाला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं. तेव्हापासून तिनं फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला, बाजूला स्टँडवर तिरका लावला, आणि त्याचा झोत आवळून बारीक केला, इतका की तो माणसाच्या अंगावर पडावा आणि मागच्या काचेला शिवू नये.

आता या फ्लॅशची एक खोड आहे. कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसलेला असला की तो शहाण्यासारखा वागतो. लेन्स लांबचं बघायला लागली की त्याच्या पोटातला दिवा घुर्र करून मागे सरकतो आणि उजेड अरुंद होतो. लेन्स ऐसपैस झाली की दिवा पुढे येतो आणि उजेड खोलीभर पसरतो. कोणी सांगावं लागत नाही. पण एकदा काढून दूर नेला की त्याला कॅमेऱ्याचं काही कळेनासं होतं. झूम शेवटचा जिथं सोडला असेल तिथंच तो अडून बसतो, मागच्या रविवारच्या नवरीवरच. नव्या महागड्या फ्लॅशांना म्हणे बसल्या जागेवरून सांगता येतं. चेतनाचा जुना होता. मग आपणच उठायचं, स्टँडपाशी जायचं, मागचं बटण दाबून झूम बदलायचा, परत कॅमेऱ्यापाशी यायचं, एक फोटो काढून बघायचा, उजेड चेहऱ्यावर आहे ना, काचेवर गेला नाही ना. गेला असेल तर पुन्हा उठायचं. आणि बघायचं म्हणजे तिथं कोणीतरी उभं हवं. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवता येत नाही, चेहरा शिळा होतो. एकट्या माणसाचं हे कामच नाही. कॅमेऱ्यामागे एक आणि उजेडात एक, अशी दोन माणसं त्याला लागतात, आणि चेतनाकडे दुसरं माणूस होतं. म्हणून तिला कधी कळलंच नाही की ते लागतं.

'बाबा, उभे राहा' म्हटलं की धर्मपाल मेश्राम आतून येत, बंडीवर, खांद्याला टॉवेल, आणि कोपरा उडालेल्या त्या एका फरशीवर जाऊन उभे राहत. झूम त्यांना समजवावा लागला नव्हता. उभा जन्म वॅगन दुरुस्तीत गेलेला. गाडीखाली वाकून चाकं तपासायची, हातात तीन सेलचा टॉर्च. 'हे तं आमच्या टॉर्चवानी आहे,' ते पहिल्याच दिवशी म्हणाले होते. 'एक चाक पाहायचं असलं तं मुंडी आवळायची, अख्खी गाडी पाहायची असलं तं ढिली सोडायची.' लहानपणी लाइट गेली की तोच टॉर्च घेऊन ते रेल्वे क्वार्टरच्या भिंतीवर उजेडाचं ताट काढत, मुंडी फिरवून त्याची वाटी करत, वाटीचा रुपया करत, आणि तो रुपया चेतनाच्या नाकावर आणून ठेवत. यशदीप रडायचा, मला पण, मला पण. मग ताट व्हायचं आणि दोघं त्यात मावायची. आई म्हणायची, सेल संपवा, उद्या ड्युटीवर काडी पेटवून जा. हे सगळं चेतनाला आत्ता, खुर्चीत, उकाड्यासकट आठवलं. फोटो त्याचाही नव्हता, पण तो नसल्याचं काही वाटलं नाही. फोटो नसल्याचं वाटतं ते काढता येत असून काढला नाही त्याचं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर बाबांना फ्लॅश सोसेना. 'डोळे मिटून घ्या, बाबा,' चेतनानंच सांगितलं. 'टेस्टच तर आहे, डोळे काय करायचे आहेत.' ऑपरेशन केव्हाच जुनं झालं, पण तो नियम पडून गेला. ते फरशीवर उभे राहिले की डोळे मिटत. चेतना पडद्यावर नाकाची सावली बघे, गालाचा काठ बघे, काच बघे. उजेड बघे. तिला जे बघायचं असे ते सगळं त्या चेहऱ्यावर असे आणि चेहरा तेवढा ती बघत नसे. 'झालं' म्हटलं की बाबा डोळे उघडत, डावीकडे आईच्या फोटोखाली सरकत, भिंतीला हात लावत आणि विचारत, 'आता कोण उभं राहते?' मग दाराशी बसलेली नवरी नाहीतर निवृत्त काका पुढे येत, आणि ते येईपर्यंत चेतनाचा अंगठा आपलं काम करून टाकी. टेस्टचे फोटो ती तिथल्या तिथं पुसून टाकायची. कार्ड स्वच्छ ठेवून काम सुरू करायचं, ही तिची शिस्त. शिस्तीचं तिला कौतुकही होतं, कोणाला सांगायची नाही, पण होतं. हजारभर बाबा तिनं असे अंगठ्यानं पुसले असतील.

आणि उद्या ते चालले होते. यशदीप सकाळच्या गाडीनं येणार, दुपारच्या गाडीनं त्यांना घेऊन जाणार. पावसाळा सरता सरता बाबा न्हाणीत पडले होते, तेव्हापासूनचं हे. चेतना त्या वेळी नव्या रायपुरात नव्या संचालकांचा फोटो काढत होती, फोन पर्समध्ये मुका. खालच्या साहू काकींना छतातून पाणी टपकलं म्हणून त्या वर आल्या, नाहीतर किती वेळ गेला असता कोण जाणे. 'चेतना बेटी, बाबूजी गिर गए हैं, जल्दी आओ,' असे त्यांचे फोनावर फोन. परत येतानाचा तो रस्ता तिला अजून स्वप्नात येई: रुंद, गुळगुळीत, मोकळा, स्कूटर पळते आहे आणि बाजूचं काहीच मागे जात नाही, कारण बाजूला काही नाहीच. घरी पोचली तर बाबा कॉटवर, कपाळाला टेंगूळ. म्हणाले, 'काही नाही झालं वं. नळ बंद नाही करता आला, पाणी बहुत वाया गेलं.' हाड कुठलं मोडलं नव्हतं. आठवड्यानं यशदीपचा फोन आला तेव्हा ती कणीक मळत होती, म्हणून फोन ओट्यावर ठेवून आवाज मोठा केलेला. 'ताई, असं नाही चालणार. तू दिवसभर तिकडे. मी घेऊन जातो त्यांना,' यशदीप म्हणाला. आणि चेतना म्हणाली, 'बरं.'

त्या 'बरं'चं तिनं पुढं काय काय केलं नाही. मी दमले होते, म्हणून म्हटलं. भाऊ आहे, हक्क आहे त्याचा, म्हणून म्हटलं. बाबांचं भलंच आहे त्यात, म्हणून म्हटलं. सगळं खरं होतं. पण हेही खरं होतं की तो शब्द तोंडातून निघाल्यावर तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या रात्री किती दिवसांनी ती गाढ झोपली होती. याची तिला लाज वाटे. लाज दाबायला मग ती बाबांना जास्तच जपे, डाळीत तूप जास्त घाली, आणि बाबा म्हणत, 'एवढं काहून वाढून राहिली?' परवा नात दीक्षा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, 'आजोबा, आप आ रहे हो ना पक्का?' मराठी तिला सगळी समजते, तोंडून मात्र हिंदीच निघते. बाबा म्हणाले, 'हव.' इतकी वर्षं छत्तीसगडात राहून हा एक शब्द त्यांच्या जिभेला कायमचा चिकटला होता. त्यांच्या 'हव'मध्ये आनंद होता की नुसताच होकार, हे चेतना दाराआडून ऐकत राहिली, पण एका शब्दातून काय कळणार.

ती उठली. मोबाइलवर एक फोटो काढून पाठवता आला असता, कार्डाला तो चालला असता, आणि यशदीपचं काम झालं असतं. पण आता गोष्ट कार्डाची राहिली नव्हती. उद्या दुपारनंतर या घरात बाबांचं तोंड दिसायची कुठलीच सोय उरणार नव्हती. तिनं स्टँड ओढला, फ्लॅश लावला, आणि आतल्या खोलीच्या दारात जाऊन म्हणाली, "बाबा, जरा उभे राहता का?"

"कोण येऊन राहिलं?" बाबा उठत म्हणाले.

"कोणी नाही."

"मंग?"

"तुमचाच काढायचा आहे. शर्ट घाला."

"टेस्टले शर्ट?" बाबा हसले. पण शर्ट घालायला हरकत त्यांची नव्हती, अडचण वेगळीच होती: इस्त्रीचे सगळे शर्ट बॅगेत गेलेले. चेतनानं बॅगेची चेन उघडली. वरच सापडला, निळ्या रेघांचा. त्याच्या घडीत बाबांनी जुना टॉर्च ठेवलेला होता, सेल काढून. तिनं टॉर्च होता तसा परत ठेवला आणि चेन लावताना तिला विनाकारण यशदीपचा राग आला, मग कारण नाही म्हणून स्वतःचा.

बाबा काठी टेकत आपल्या फरशीवर जाऊन उभे राहिले, काठी भिंतीला लावली, हात बाजूला सोडले आणि डोळे मिटले. चेतनानं कॅमेऱ्यातून पाहिलं. झूम मागच्या रविवारचाच, बारीक, बीरगावच्या नवरीसाठी आवळलेला.

"बाबा, डोळे उघडे ठेवायचे."

"हव." त्यांनी उघडले. तिनं दाबलं. पडद्यावर बाबा आले, डोळे मिटलेले.

"मिटले बाबा तुम्ही."

"मिटले का? पुन्हा घे."

पुन्हा मिटलेले. तिसऱ्यांदाही. फ्लॅश पडायच्या आत ते मिटत होते, अगदी क्षणभर आधी, जसं काही बटणाचा धागा त्यांच्या पापणीला बांधला होता. ती म्हणाली, "तुम्हाला कसं कळतं मी आता दाबणार म्हणून?"

"तू दम रोखते नं," बाबा म्हणाले. "मले ऐकू येते."

आपण श्वास रोखतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि आजवर कोणी ऐकलंही नसावं. तिनं पडद्याकडे पाहिलं. अरुंद उजेडात नुसता चेहरा होता, निळ्या रेघांची कॉलर, मिटलेले डोळे, आणि भोवती सगळीकडून काळोख. असा फोटो कशाचा असतो हे तिला कळत होतं. वरून हार तेवढा घालायचा बाकी होता. अंगठा आपोआप पुसायच्या बटणावर गेला. तिथं जाऊन तो थांबला. अंगठ्याची इतकी भीती तिला कधी वाटली नव्हती.

"कार्डासाठीच पाहिजे नं?" बाबांनी विचारलं. "पासपोर्टचा असंल एखादा, पेन्शनीचा, पाहाय."

"कार्डासाठी. आणि मले."

"तुले कायले?"

"घरात एकही नाही तुमचा."

"असं कसं? एवढ्या डाव उभं ठेवलं तुनं मले."

"ते सगळे मिटवले मी, बाबा. लगेच मिटवायची."

बाबांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "बरोबरच आहे. टेस्टचे कोण ठेवते." टोमणा नव्हता. टोमणा असता तर तिला उत्तर देता आलं असतं. ते खरंच तसं मानत होते: उजेड पाहायचा, माणूस आला की बाजूला व्हायचं, त्यात ठेवण्यासारखं काय आहे. आणि कसं कोण जाणे, चेतनानं महिनाभर तोंडात धरलेलं बाहेर पडलं.

"बाबा, यशदीप फोनवर म्हणाला ना, घेऊन जातो, तर मी बरं म्हटलं."

"ऐकलं मी. फोन मोठ्यानं होता."

"झोपला होतात ना तुम्ही?"

"डोये मिटून होतो," बाबा म्हणाले.

रस्त्यावरून भाजीवाल्याची गाडी गेली, त्याचं लावून ठेवलेलं रेकॉर्ड, आलू, टमाटर, गोभी, लांब जाऊन वळणावर विरलं. चेतना कॅमेरा धरून उभी होती. तिनं विचारलं, "राग आला?"

"नाही वं. थकली होती तू, आवाजावरून समजे." मग जरा वेळानं, आमटीत मीठ कमी पडलं असं सांगावं तितक्या साधेपणानं, ते म्हणाले, "फक्त लवकर म्हटलं. मले वाटलं, जरासा इचार करशील."

"मी नाही म्हणू का त्याला? आत्ता फोन लावते."

"आता काहून? तिकीट काढलं त्यानं." बाबांनी डोळे उघडले नव्हते. "अन् म्हणशील नाही. मंग परवा तू जाशील कामाले, अन् मी पुन्हा पडलो तं? साहू बाईच्या घरात पाणी गळेपर्यंत पडून राहू का?"

परवा ती नव्या रायपुराला जाणारच होती, रस्ता तितकाच रुंद असणार होता आणि फोन तसाच पर्समध्ये. नोकरी सोडते असं ती म्हणू शकली असती. तिनं ते मनात म्हणूनही पाहिलं, आणि खोटं वाटलं म्हणून तोंडावर आणलं नाही. एवढा एक प्रामाणिकपणा तिच्याजवळ उरला होता. तिनं डोळे पुसले, कॅमेरा खाली केला आणि म्हणाली, "झालं, बाबा."

'झालं' ऐकलं आणि बाबांनी डोळे उघडले. भिंतीची काठी घेतली, डावीकडे सरकले, आईच्या फोटोखाली जाऊन भिंतीला हात लावला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "आता कोण उभं राहते?" विचारल्यावर मग त्यांच्या लक्षात आलं असावं की आज दाराशी कोणी बसलेलं नाही. तरी प्रश्न विचारून झाला होता, आणि ते उत्तराची वाट पाहत तिच्याकडे बघत राहिले. ते उजेडाच्या बाहेर होते. झूम आवळलेला, झोत रिकाम्या फरशीवर रोखलेला.

"तिथंच थांबा," चेतना म्हणाली. ती स्टँडपाशी गेली. मागचं बटण तिनं दाबलं, पुन्हा दाबलं, दाबत राहिली, आणि दिवा घुर्र घुर्र करत पुढे पुढे आला, अगदी शेवटापर्यंत, जिथून उजेड सगळीकडे जातो आणि काचांचं काय होईल ते होवो. बाबासाहेबांची चौकट तिनं डोळ्यानं मोजली. फ्लॅश पुरेसा तिरका होता, तिथं डाग पडला नसता. आईचा फोटो खिळ्यावर पुढे झुकलेला होता, तो मात्र चमकणार होता. चमकू दे. ती परत कॅमेऱ्यापाशी आली. बाबा डोळे उघडे ठेवून उभे होते, कारण त्यांच्या हिशेबी आता उजेड त्यांच्यासाठी नव्हताच. तिनं श्वास रोखला नाही. ती बोलत राहिली, "बाबा, ती दुपारची गाडी, तिच्यात डब्यात पोळ्या देऊ की वरणभात," आणि बाबा म्हणाले, "पोळ्या", आणि त्या शब्दाच्या मध्ये तिनं बटण दाबलं.

फोटोत मधली फरशी रिकामी होती, स्वच्छ उजळलेली, कोपरा उडालेला. डाव्या काठाला, आईच्या पांढऱ्या पडलेल्या काचेखाली, निळ्या रेघांच्या शर्टात बाबा होते, एक हात भिंतीला, तोंड 'पोळ्या' म्हणताना उघडलेलं. डोळे उघडे. ते सरळ तिच्याकडे बघत होते. आपले डोळे घारे आहेत असं सगळे म्हणत, ते कुठून आले हे तिला आत्ता दिसलं. यशदीप म्हणेल, ताई, हा काय फोटो आहे, बाबा कडेला गेले, कापून दे. ती कापून देईलही, कार्डापुरता. आपल्याजवळचा ती कापणार नव्हती.

"सांगितलं नाही तुनं," बाबा म्हणाले. "आता कोण उभं राहते?"

"मी," चेतना म्हणाली.

कॅमेरा तिपाईवर बसवून तिनं त्यांना बोलावलं. बाबा काठी टेकत आले, कॅमेऱ्यामागे उभे राहिले, कोणतं दाबायचं ते दोनदा विचारून घेतलं. ती फरशीवर जाऊन उभी राहिली. या जागेवरून तिनं ही खोली कधी पाहिली नव्हती. इथून घर लहान दिसत होतं, स्टँड उंच दिसत होता, आणि आपल्याकडे रोखून बघणारं कोणी आहे याचं अंगाला बरं वाटत होतं. अशाच वाटण्यावर हा माणूस इतकी वर्षं उभा राहिला असेल का, डोळे मिटून का होईना. पायाला फरशीचा उडालेला कोपरा लागला. आणि मग तिला बाबांचा श्वास ऐकू आला, घरघरणारा, म्हातारा. तो चालला होता आणि मग थांबला. त्यांनीही दम रोखला होता.

"डोये मिटून घे, पोट्टे," बाबा म्हणाले. "त्रास होते."

तिनं मिटले नाहीत. उजेड खोलीभर पडला, ती त्यात पुरती बुडाली, आणि उजेड गेल्यावर समोर काही उरलं नाही. जिथं बाबा होते तिथं एक हिरवट काळा डाग होता, माणसाएवढा, आणि नजर जिकडे न्यावी तिकडे तो आधीच जाऊन उभा राहत होता. उद्या संध्याकाळी घरी आल्यावर हेच दिसणार, असं तिला वाटलं, फक्त तेव्हा कोणी फ्लॅश मारलेला नसेल. तिनं हात पुढे केला. हाताला काही लागलं नाही.

"बाबा," ती म्हणाली, "आहात ना?"

"हव," डागाच्या मागून बाबा म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत आहो."